फादर व्हायला शिकणाऱ्या मुलाचा खर्च उचलायचाय, पैसे कुणाकडे द्यावेत?

कॅनडातला_वसईकर: नमस्कार मंडळी. आम्ही मूळ वसईचे. आजी यंदा गेली, रोज रोझरी झाली की पाचारणासाठी, म्हणजे मुलांना फादर व्हायची हाक यावी म्हणून, वेगळी प्रार्थना करायचीच ती, म्हणून तिच्या नावाने आम्ही भावंडांनी पैसे जमवलेत. गावातला एक मुलगा नुकताच सेमिनरीत (फादर घडवणाऱ्या शाळेत) गेलाय, घरची परिस्थिती बेताचीच, तर थेट त्याच्या आईच्या खात्यात टाकावेत का? आणि त्याने मध्येच सोडलं तर, ही भावाची काळजी. भावाकडे कॅनडाचा पासपोर्ट आहे, माझा अजून भारतीयच.

निर्मळची_मावशी: थेट त्या मुलाच्या घरी नका देऊ बाबा, कळकळीने सांगते. चर्चच्या नियमानेच फिलॉसॉफी दोन आणि थिऑलॉजी चार अशी निदान सहा वर्षं, त्यात सुरुवातीचं तयारीचं वर्ष आणि मधला धर्मग्रामातला (एखाद्या गावच्या चर्चमधला) अनुभव धरला तर दीक्षेपर्यंत नऊ-दहा वर्षं सहज जातात. एवढा वेळ कशाला, तर आपलं पाचारण खरं आहे का हे त्याला आणि त्याच्या फादरांना नीट पारखता यावं म्हणून! आता गावातल्या एका घराचे पैसे अंगावर असले तर त्या पोराने मोकळ्या मनाने "मला घरी जायचंय" म्हणायचं कसं? सोडलं तरी काही वाया जात नाही, माझा भाचा चार वर्षांनी परत आला, आज शिक्षक आहे आणि चर्चमध्ये सगळ्यात पुढे तोच असतो. धर्मप्रांताच्या (बिशपांच्या हाताखालच्या सगळ्या भागाच्या) सेमिनरी फंडात द्या, ज्याला गरज असेल त्याला मिळेल.

हिशेबनीस: पासपोर्टचं आधी बघा. भारतीय नागरिकाने परदेशातून स्वतःच्या बचतीतले पैसे बँकेमार्फत दिले तर ते परदेशी देणगीत धरत नाहीत. भावाचे मात्र धरतात, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचं) असलं तरीही. म्हणून त्याचा हिस्सा एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच, तोही तिच्या दिल्लीच्या स्टेट बँक मेन ब्रांचमधल्या खात्यात, २०२० पासून हाच नियम आहे. सगळे पैसे तुझ्या खात्यातून एकत्र पाठवू नका. ८०जी ची, म्हणजे आयकरात सवलत देणारी, पावती मिळेल असं धरून चालू नका, निव्वळ धार्मिक कामाच्या ट्रस्टला ती सवलत नसते.

पापडीकर: फंडाबद्दल मावशींना अनुमोदन. १८८९ मध्ये फ्रान्समधल्या कां गावच्या स्टेफनी आणि जान बिगार या मायलेकींनी हेच काम सुरू केलं, नागासाकीच्या बिशपांचं पत्र आलं होतं की पैशाअभावी मुलांना परत पाठवावं लागतंय. त्यातूनच संत पीटरच्या नावाची पोपची संस्था उभी राहिली, ती आजही मिशन प्रदेशातल्या सेमिनऱ्यांना मदत करते.
माझं एक मागणं आहे, थोडे पैसे मराठी पुस्तकांसाठी म्हणून सांगून द्या. मुलं थिऑलॉजी इंग्रजीत शिकतात आणि प्रवचन मराठीत करायचं असतं, मग शब्द अडतात, समोर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांपर्यंत काही पोचत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले ते मराठीत आयुष्यभर मुरले म्हणून. तशी अजून चार माणसं तयार व्हायला हवीत आपल्याकडे.

कॅनडातला_वसईकर: मनापासून आभार सगळ्यांचे. भावाशी बोललो, त्याला पटलंय, त्याचा हिस्सा वेगळाच पाठवू. मराठी पुस्तकांचं आजीला फार आवडलं असतं. फंडात देताना अमुक रक्कम पुस्तकांसाठी असं पत्र बिशप हाऊसला द्यायचं की थेट सेमिनरीच्या रेक्टरना (प्रमुखांना)?

निर्मळची_मावशी: बिशप हाऊसलाच दे, प्रत रेक्टरना. आणि आजीचं नाव लिही त्यात, मुलं मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) आठवण करतील.