मदत हवी आहे: गेम स्टुडिओ मुलाखतीच देत नाहीत, प्रबंध अडकलाय

विहंग_क
गेम कशा तयार होतात यावर प्रबंध करतोय. स्टुडिओंना मेल टाकले, लिंक्डइनवर लोकांना गाठलं. बहुतेक गप्प. जे बोलले ते म्हणाले, करार आहे, काही सांगता येणार नाही. गाईडना डेटा हवाय. कुठून आणू? गूगल करून झालंय, ते सुचवू नका. जरा लवकर सांगा.

सुमेधा
कुठल्या शाखेतला प्रबंध? एम.टेक., पीएच.डी., समाजशास्त्र? आणि 'कशा तयार होतात' म्हणजे नक्की काय शोधताय: गेम रखडते का, टेस्टिंग कसं होतं, की लोक रात्ररात्र ऑफिसात का बसतात? मेलमध्येही इतकंच लिहिलं असेल तर उत्तर कोण देणार!

किल्लेदार
गेम बनवायला युनिटी सॉफ्टवेअरच्या मागे लागू नका, गोडो शिका. फुकट आहे, सोर्स उघडा आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. महिन्याभरात छोटी गेम उभी राहते.

विहंग_क
@किल्लेदार मला गेम बनवायची नाहीये!

डेटा_दामले
मुलाखती हव्यात कशाला? गेम बाजारात आली की टीम पोस्टमॉर्टेम लिहिते, काय जमलं आणि काय फसलं. २०१६ मध्ये अशा १५५ पोस्टमॉर्टेमचा अभ्यास प्रसिद्ध झालाय. त्यानंतर पोलिटोव्स्की आणि सहकाऱ्यांनी २०० हून अधिक वाचून १,०३५ अडचणी वेगळ्या काढल्या, त्यांचे २० प्रकार पाडले, आणि तो डेटासेट सगळ्यांसाठी खुला ठेवलाय. घरी बसून काम होतं.

खडूस_टेस्टर
दामले, तुम्ही स्टुडिओत काम केलंय का कधी? मी करतो. पोस्टमॉर्टेम लिहितो प्रोड्यूसर किंवा डायरेक्टर, आमच्यासारख्याला कोण विचारतं. 'गेम डेव्हलपर' मासिकात तर साचाच होता, पाच गोष्टी जमल्या, पाच फसल्या. सहावी फसलेली कुठे गेली? आणि अर्ध्यात बंद पडलेल्या गेमचं पोस्टमॉर्टेम सहसा लिहिलंच जात नाही. म्हणजे तुमच्या डेटात बहुतेक तगून बाजारात आलेल्याच गेम.

डेटा_दामले
आणि मुलाखतीत लोक खरं बोलतात? स्वतःची चूक कोण सांगतो? निदान पोस्टमॉर्टेम छापील आहे, दुसरा कुणी तपासू शकतो.

पाटणकर_काकू
माझा भाचा दिवसभर मोबाईलवर गेम खेळतो, डोळे लाल झालेत. यावर कुणी संशोधन करत असेल तर कृपया लिंक द्या.

बोस्टनचा_बंड्या
केसी ओडॉनेल यांचं २०१४ चं पुस्तक बघा, एमआयटी प्रेसचं. अमेरिकेतल्या आणि भारतातल्या स्टुडिओंत प्रत्यक्ष वावरून लिहिलंय. या धंद्यातली गुप्तता हाच त्यांच्या अभ्यासाचा मोठा भाग आहे. तुम्हाला मिळालेले नकारही नोंदवून ठेवा, कामाला येतील.

खडूस_टेस्टर
नकार मोजून डिग्री मिळत असती तर मी डॉक्टर असतो.

सुमेधा
उघड्यावर चालणारं काम बघायचं असेल तर 'बॅटल फॉर वेस्नॉथ' किंवा '० ए.डी.' या खुल्या सोर्सच्या गेम बघा. बग, वाद, बदल, सगळं सार्वजनिक. पण तिथे बहुतेक हौशी लोक आहेत. पगार आणि डेडलाइनचा ताण दिसणार नाही. म्हणूनच विचारत होते, शाखा कोणती?

विहंग_क
एम.टेक. कॉम्प्युटर. गेममध्ये ऑटोमेटेड टेस्टिंग (माणसाऐवजी प्रोग्रामने केलेली तपासणी) इतकं कमी का, हा प्रश्न. स्टुडिओ भारतातलेच हवेत असं गाईड म्हणतात. सिनॉप्सिस मंजूर झालाय, आता विषय बदलता येत नाही.

डेटा_दामले
अहो, हे पहिल्या ओळीत नको का! भारतातले हवेत म्हणजे मी सुचवलेला डेटासेट फक्त तुलनेपुरता. २०१४ चा मर्फी-हिल, झिमरमन आणि नागप्पन यांचा पेपर वाचा. आधी १४ मुलाखती, त्यावरून प्रश्नावली, मग ३६४ जणांची पाहणी. त्यात तुमचाच मुद्दा आहे: गेममध्ये ऑटोमेटेड टेस्ट कमी, माणसांकडून टेस्टिंग जास्त. तीच प्रश्नावली इथल्या लोकांना लावून बघा.

खडूस_टेस्टर
एकदाचं कामाचं बोललात. कारण मी सांगतो. मेनू आज इथे, उद्या तिथे. लिहिलेली टेस्ट आठवड्यात मोडते. आणि 'मजा येत नाही' हा बग स्क्रिप्टला कसा पकडता येणार?
विहंग, कंपनीला मेल टाकणं बंद करा, एचआर उत्तर देणार नाही. माणसं गाठा, त्यातही नोकरी बदललेली. गेमचं नाव विचारूच नका, फक्त पद्धत विचारा: बिल्ड (गेमची तपासायची नवी आवृत्ती) कधी येतो, कोण तपासतं, बग कोण बंद करतो. उतारा छापण्याआधी दाखवीन असं लिहून द्या. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आधी प्रश्न पाठवा. दहाच्या वर असतील तर उत्तर देणार नाही.

सुमेधा
आणि कॉलेजच्या लेटरहेडवर संमतीपत्र घ्या. ते नसेल तर परीक्षक मुलाखतीच धरणार नाहीत.

किल्लेदार
गोडोमध्ये टेस्टिंगचं प्लगिन आहे हो.