कोथरूडच्या आतल्या रस्त्यासाठी अर्ज करायचाय, सायकल ट्रॅक मागू का अजून काही?

सायकलवाली_आई: रस्ता साधा दोन लेनचा आहे, मोठा नाही. लेक सहावीत गेलीये आणि सायकलनेच शाळेत जाणार म्हणून हटून बसलीये, जेमतेम दीड किलोमीटर आहे पण सकाळी सातला व्हॅन, बस आणि उशीर झालेले पालक सगळे एकदम सुटतात ना, माझा धीर होत नाही तिला सोडायचा. फुटपाथवर टू-व्हीलर, वर हॉर्न पण आपल्यालाच. सासूबाई तर फुटपाथ सोडून रस्त्याच्या कडेनंच चालतात. सोसायटीत ठरतंय की ट्रॅक रंगवून मागू. बरोबर आहे का?

पेठेतला_पोरगा: ताई रंगवलेला ट्रॅक म्हणजे फुकट पार्किंग, दुसऱ्या दिवशी टेम्पो उभा. आधी स्पीडचं बघा. ३० ऐवजी ५० ने गाडी आली तर दणका पावणेदोन पट नाही, जवळजवळ पावणेतीन पट बसतो, कारण वेगाचा वर्ग होतो (शाळेत शिकलेलं एवढंच लक्षात आहे). ब्रेकर मागा पण ते दुकानातले रबरी नकोत, सायकलवाल्याचे दात हलतात आणि बाइकवाले कडेनं निसटतात. आयआरसी ९९ मधला मागा (आयआरसी म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेस, रस्ते कसे बांधायचे त्याची मानकं काढते), ३.७ मीटर रुंद आणि मध्ये फक्त १० सेंमी उंच, गाडी साधारण २५ ने आरामात जाते, त्यापेक्षा जोरात गेली की आपटते.

गुडघेदुखी_क्लब: सासूबाईंना माझा नमस्कार सांगा!! दर सोसायटीच्या गेटपाशी फुटपाथ खाली जातो, परत वर, परत खाली. चढउतार गाडीनं करायला पाहिजे, माणसानं का? फुटपाथ गेटसमोरूनही त्याच लेव्हलला सलग न्यायचा आणि गाडीसाठी कडेला छोटा रॅम्प, म्हणजे गाडी पण आपोआप हळू होते. आयआरसी १०३ मध्ये उंची १५० मिमीच्या वर नको आणि चालायला १.८ मीटर मोकळी जागा पाहिजे असं आहे. मोकळी म्हणजे मध्ये डीपी बॉक्स, झाड, वडापावची गाडी धरून नाही. जंगली महाराज रस्त्यावर एकदा चालून या, फरक कळेल. आणि बाइक अडवायला खांब मागाल तर जपून, बाइक अडेल एवढ्या जवळ लावले की व्हीलचेअर पण अडते.

नियमाने_चला: आणि पार्किंग गेलं की हीच सोसायटी बोंबलणार, लिहून ठेवा 😄

वॉर्डातला_काका: मनपाच्या बजेटमध्ये नागरिकांच्या सूचना घेतात, २००६-०७ पासून चालू आहे. फॉर्म क्षेत्रीय कार्यालयात मिळतो, मुदत पेपरात येते, ती चुकली की वर्षभर बसा. "रस्ता सुरक्षित करावा" असलं मोघम लिहू नका हो, त्यावर कोणी इस्टिमेट करू शकत नाही. अमुक गेट ते तमुक कोपरा, इतके मीटर, इतकी गेटं, असं लिहा आणि फोटो जोडा. कोपऱ्यावरची वळणं पण मोजा, गोलाई मोठी असेल तर गाडी ब्रेक न लावताच वळते, तिथेच पोरं क्रॉस करतात.

सायकलवाली_आई: सासूबाईंनी आत्ताच गेटं मोजली, आमच्याच बाजूला अकरा निघाली, त्यातलं सगळ्यात खोल आमचं 🙈 ट्रॅकचं राहू दे मग, गेटं आणि दोन ब्रेकरच लिहिते. रविवारी सहाला टेप घेऊन उतरतोय, पण आमचा टेप तीनच मीटरचा आहे, कोणाकडे मोठा आहे का?