विंडोज ९८, एक्सपी, जुना मॅक आणि नवा लॅपटॉप: चौघांना एकाच प्रिंटरवर कसं आणायचं?

पेठेतला_छापखाना

नमस्कार मंडळी. नारायण पेठेत आमचं छोटं डीटीपीचं दुकान आहे, पत्रिका, बिलबुकं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल असलं काम. छपाई दुसरीकडे होते, आमच्याकडे फक्त कंपोझिंग आणि ट्रेसिंग पेपरवर लेझर प्रिंट. आमचं संग्रहालय असं आहे:

एक पेन्टियम थ्री, त्यावर विंडोज ९८, पेजमेकर (पानं लावायचं सॉफ्टवेअर) आणि मराठी फॉन्टचं जुनं सॉफ्टवेअर, ज्याचं लॉक (ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) मागे प्रिंटरच्या पोर्टला लावलंय आणि त्या लॉकच्या मागे एप्सन एलएक्स-३०० डॉट मॅट्रिक्स. हे मशीन काकांचं. काका सोडून कोणी हात लावायचा नाही. दुसरं एक्सपी, त्यावर हिशोब चालतात. तिसरा पॉवर मॅक जी४, ओएस ९ आहे त्यावर, एका दिवाळी अंकाची जुनी पानं क्वार्कमध्ये (तेही पानं लावायचंच सॉफ्टवेअर) आहेत म्हणून ठेवलाय. आणि आता मी घेतलेला विंडोज ११ चा लॅपटॉप.

लेझर प्रिंटर एचपी लेझरजेट ४०००, नेटवर्क कार्डवाला. सेकंडहँड घेतलेला पण घोड्यासारखा चालतो. तो एक्सपीवर इन्स्टॉल करून शेअर केलेला होता आणि ९८ वरून त्या शेअरवर प्रिंट जायची, वर्षानुवर्षं काही प्रॉब्लेम नाही.

तीन आठवड्यांपूर्वी इंटरनेटवाल्याने फायबर टाकलं आणि राउटर बदलला. पोरगा जाताना म्हणाला सर सगळं चालू आहे, आणि इंटरनेट खरंच चालू आहे, पण तेव्हापासून लेझर बंद. ९८ वरून प्रिंट दिली की गेल्यासारखी दाखवते, एरर नाही काही नाही, पण कागद येत नाही. एक्सपीवरून पण तेच. मी दोन्ही मशीन रोज रीस्टार्ट करून बघतो. माझ्या लॅपटॉपला तर एक्सपी नेटवर्कमध्ये दिसतच नाही. आणि गंमत म्हणजे त्या म्हाताऱ्या मॅकवरून प्रिंट व्यवस्थित येते!! सध्या मी फाइल पेनड्राइव्हने मॅकवर नेऊन छापतोय, पण मराठी फॉन्ट तिकडे नाहीत त्यामुळे फक्त इंग्रजी कामं होतायत. काका म्हणतात नवा राउटर परत कर.

निल्या_नेटवर्क

सोप्पंय. विंडोज ११ ला फीचर्सच्या लिस्टमध्ये एसएमबी १.० (फाइल-प्रिंटर शेअर करायची विंडोजची जुनी भाषा) वर टिक कर, रीस्टार्ट मार, एक्सपी दिसायला लागेल. दोन मिनिटांचं काम.

खटपट्या

निल्या थांब रे बाबा. एक्सपीला फक्त एसएमबी १ कळतं, एसएमबी २ व्हिस्टापासून आलं, म्हणून लॅपटॉपला एक्सपी दिसत नाही हे बरोबर आहे. पण मे २०१७ मध्ये वॉनाक्राय (फाइली अडकवून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) पसरला तो याच एसएमबी १ च्या भोकातून, आणि त्याच वर्षाच्या शेवटी विंडोज १० च्या नव्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ते बाय डीफॉल्ट देणं बंद केलं. ज्या लॅपटॉपवर बँकेचं लॉगिन असणार त्यावर ते परत चालू करायचं म्हणजे चोराला किल्ली देण्यासारखं आहे. आणि चालू करूनही फार काही हाती लागणार नाही, एक्सपीवरचा ड्रायव्हर ३२ बिट, विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं, शिवाय २०२१ मध्ये प्रिंट स्पूलरमध्ये (विंडोजचा प्रिंटची रांग सांभाळणारा भाग) ते सुरक्षेचं मोठं लफडं झाल्यापासून शेअर केलेल्या प्रिंटरवर नव्या विंडोजचे इतके नखरे आहेत की एरर नंबर पाठ होतील.

आता मुद्द्याचं. @पेठेतला_छापखाना, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच लिहिलंय, मॅकवरून प्रिंट येते! ओएस ९ वर चूझरमधून (मॅकची प्रिंटर निवडायची खिडकी) प्रिंटर निवडलेला असणार, म्हणजे तो ॲपलटॉकने (ॲपलची जुनी नेटवर्कची भाषा) बोलतोय. ॲपलटॉकला आयपी ॲड्रेस (नेटवर्कवरचा मशीनचा नंबर) लागतच नाही, केबल एका स्विचमध्ये असली की बास. म्हणजे प्रिंटर ठीक, कार्ड ठीक, केबल ठीक. बिघडलाय तो फक्त आयपी. माझी पैज आहे की जुना राउटर १९२.१६८.०.काहीतरी देत होता आणि नवा १९२.१६८.१.काहीतरी देतोय. कॉम्प्युटर सगळे ऑटोमॅटिकवर असल्यामुळे नव्या गल्लीत राहायला गेले, प्रिंटरला कोणीतरी हाताने पक्का पत्ता दिलेला होता, तो जुन्याच गल्लीत बसलाय.

प्रिंटरच्या पॅनेलवरून कॉन्फिगरेशन पेज काढा, त्यासोबत नेटवर्क कार्डचं पण पान येईल, त्यावर आयपी ॲड्रेस छापलेला असेल. मग एक्सपीवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग द्या आणि दोन्ही आकडे इथे टाका.

पेठेतला_छापखाना

पान काढलं. प्रिंटर १९२.१६८.०.५०, एक्सपी १९२.१६८.१.७. हात जोडले तुम्हाला. आता हे बदलायचं कुठून, ब्राउझरमध्ये तो नंबर टाकला तर काहीच उघडत नाही.

खटपट्या

उघडणार कसं, पत्ताच पोचत नाही ना. पॅनेलवरूनच करा. मेन्यू बटण दाबत ईआयओ मेन्यूपर्यंत जा, तिथे कॉन्फिग नेटवर्क यस करून सिलेक्ट, मग टीसीपी/आयपी यस, बूटपी नो, आणि मग आयपी बाइट १, २, ३, ४ असे चार तुकडे एकेक करून येतात. बटण दाबून धरलं की आकडे पळतात, २५० च्या पुढे गेलात की शिव्या घालत परत मागे यायचं. प्रत्येक आकड्यानंतर सिलेक्ट दाबून बाजूला चांदणी आली का बघा, नाहीतर सेव्ह होत नाही. सबनेट २५५.२५५.२५५.०, गेटवे म्हणून राउटरचा पत्ता. पत्ता देताना राउटर आपणहून जे नंबर वाटतो त्याच्या बाहेरचा द्या, समजा १९२.१६८.१.२५०, ती रेंज राउटरच्या पानावर डीएचसीपीमध्ये दिसेल. नाहीतर उद्या कोणाचा तरी मोबाइल तोच नंबर घेऊन बसेल आणि परत तुम्ही इथे याल.

मग एक्सपीवर प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये पोर्टचा टॅब, तिथे नवा स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट, नवा नंबर. ९८ ला काहीही करायचं नाही, ते एक्सपीच्या शेअरवरच देतंय, काकांच्या मशीनला हात लावायची वेळ येणार नाही. आणि लॅपटॉपने एक्सपीकडे बघायचंच नाही, ॲड प्रिंटरमध्ये मॅन्युअली आयपी ॲड्रेस टाकून थेट प्रिंटरशी बोलायचं, पोर्ट ९१००, ड्रायव्हर एचपीचा युनिव्हर्सल. या ९१०० ला ना पासवर्ड ना वर्कग्रुप, बाइट्स ओतायचे आणि कागद घ्यायचा. जुनी-नवी मशीनं एकमेकांशी बोलवण्याच्या भानगडीत पडूच नका, सगळ्यांनी प्रिंटरशी बोलावं.

निल्या_नेटवर्क

ओके मान्य, आयपीचं माझ्या डोक्यातच आलं नाही 😅 पण फाइलींचं काय? ९८ वरची फाइल लॅपटॉपवर आणायची तर एसएमबी १ लागेलच की.

खटपट्या

मधे एक लिनक्सची डबी ठेवायची, जुना मिनी पीसी किंवा रास्पबेरी पाय, त्यावर सांबा (विंडोजसारखं फाइल शेअर करणारं सॉफ्टवेअर). सांबानेही २०१९ मध्ये ४.११ पासून एसएमबी १ बंद केलंय, पण त्याच्या सेटिंगमध्ये सर्व्हर मिन प्रोटोकॉल एनटी१ असं लिहिलं की त्या डबीपुरतं उघडतं. ९८ आणि एक्सपी डबीशी जुन्या भाषेत बोलतील, लॅपटॉप त्याच फोल्डरशी नव्या भाषेत. एक लक्षात ठेवा, शेअरचं नाव १२ अक्षरांच्या आत ठेवा, त्यापेक्षा मोठं नाव ९८ ला दिसत नाही. मी एक अख्खा रविवार यात घालवलाय, शेअरला मोठ्या हौसेने लांबलचक नाव दिलं होतं. आणि त्या डबीवर कामाच्या फाइलींशिवाय काही ठेवू नका, दोन्ही जुन्या मशीनना राउटरमधूनच इंटरनेट बंद करा.

जुना_कंपोझिटर

फाइल नुसती नेऊन उपयोग काय? पेजमेकरची फाइल आणि ते जुने फॉन्ट, युनिकोड नाहीत हो ते, नव्या मशीनवर मजकूर उघडला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा चिवडा. 'चि. सौ. कां.' च्या जागी काय काय वाचलंय मी, इथे लिहिण्यासारखं नाही. माझी युक्ती सांगतो. ९८ वर त्याच लेझरचा पोस्टस्क्रिप्ट (पान कसं छापायचं ते सांगणारी प्रिंटरची भाषा) ड्रायव्हर अजून एक प्रिंटर म्हणून टाका, पण पोर्ट म्हणून फाइल निवडा. प्रिंट दिली की ते नाव विचारतं आणि कागदाऐवजी पीएस फाइल तयार होते, त्यात फॉन्ट सकट सगळं बांधून येतं. ती पेनड्राइव्हने का होईना लॅपटॉपवर आणा, घोस्टस्क्रिप्ट नावाच्या सॉफ्टवेअरने पीडीएफ करा. मराठी जशीच्या तशी, गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर प्रूफ पाठवायला मोकळे. फक्त त्यातला मजकूर नंतर बदलता येत नाही, दुरुस्ती काढायची तर परत ९८ वरच.

आणि ते लॉक! मशीन चालू असताना ते किंवा डॉट मॅट्रिक्सची केबल ओढू नका, पॅरलल पोर्ट हा यूएसबीसारखा चालू असताना काढा-घाला करायचा प्रकार नाही. आमच्याकडे एका मुलाने असाच पोर्ट जाळला, मग मदरबोर्ड शोधत रविवारी जुन्या बाजारात उन्हात फिरलो. डॉट मॅट्रिक्स आहे तिथेच राहू द्या, कार्बनवाल्या बिलांना तोच लागतो, त्याला नेटवर्कवर आणायच्या फंदात पडू नका. त्यापेक्षा ९८ च्या हार्ड डिस्कची इमेज (जशीच्या तशी पूर्ण नक्कल) आजच काढून ठेवा, प्रिंटर कुठेही मिळेल, ती डिस्क गेली की काकांची सगळी पानं गेली.

पेठेतला_छापखाना

अपडेट. पॅनेलवर बसून चार बाइट भरले, दुसऱ्यांदा जमलं, पहिल्या वेळी चांदणी न बघता पुढे गेलो होतो. एक्सपीवर पोर्ट बदलला, ओके दाबलं, आणि लेझर सुरू झाला तो थांबेचना! तीन आठवड्यांत ९८ वरून आणि एक्सपीवरून जे जे आम्ही 'परत देऊन बघू' म्हणून दिलं होतं ते सगळं एक्सपीच्या क्यूमध्ये (प्रिंटच्या रांगेत) साठलेलं, रीस्टार्टने ते जात नाही हे मला काय माहीत. एका मुंजीची पत्रिका अकरा वेळा आली, मुंज होऊन गेली त्या मुलाची. ट्रेमध्ये ट्रेसिंग भरलेलं होतं, साधा कागद पण नाही. सगळं ट्रेसिंग संपल्यावर काका आले, मुंजीची पत्रिका उजेडात धरून बघितली आणि म्हणाले, वेलांटी चुकलीय यात.

लॅपटॉपवरून आयपीने प्रिंट पहिल्या फटक्यात आली. पीएस फाइलचं उद्या करतो, त्यासाठी ९८ वर ड्रायव्हर टाकावा लागेल म्हणजे आधी काकांना विचारावं लागेल.