रेगन यांची रेडिओ-भाष्ये आणि आपल्याकडचे हरवलेले आवाज

रातांबा (गुहागर)

परवा ‘दर्यावर्दी’ यांनी येथे एक टिपण लिहिले. रोनाल्ड रेगन यांनी अध्यक्ष होण्यापूर्वी, १९७५ ते १९७९ या काळात, अमेरिकेतल्या रेडिओवर काही मिनिटांची जी रोजची भाष्ये केली, त्यांची जुनी ध्वनिमुद्रणे ते सध्या रात्री जेवणानंतर ऐकतात. इथपर्यंत माझी काही हरकत नव्हती. परंतु शेवटी त्यांनी लिहिले की, स्वतः विचार करणारा पुढारी कसा बोलतो हे ज्यांना ऐकायचे असेल त्यांनी हीच भाष्ये ऐकावीत, कारण आपल्याकडे तसा आवाज कधी नव्हता. कर्ली नदीच्या पलीकडे वेंगुर्ला तालुका दिसत असताना मालवणच्या माणसाने असे लिहावे याचा मला राग आला आहे, म्हणून हे सविस्तर उत्तर.

आधी रेगन यांच्याविषयी. कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाची त्यांची मुदत जानेवारी १९७५ मध्ये संपली आणि त्याच महिन्यात ही भाष्ये सुरू झाली. नोव्हेंबरमध्ये उमेदवारी जाहीर होताच ती थांबली, १९७६ मध्ये पक्षाने त्यांच्याऐवजी तेव्हाचे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांची निवड केल्यावर पुन्हा सुरू झाली, आणि १९७९ मध्ये पुढच्या उमेदवारीच्या वेळी बंद झाली. हा क्रम पाहिल्यावर, ही भाष्ये म्हणजे अध्यक्षपदाच्या वाटेवर चाललेला दीर्घ प्रचार होता, यात मला तरी शंका राहत नाही. आणि सांगितलेल्या गोष्टी कितपत खऱ्या होत्या? शिकागोच्या एका स्त्रीने ऐंशी नावे घेऊन सरकारी मदत लाटली आणि वर्षाला दीड लाख डॉलर मिळवले, असे ते १९७६ च्या प्रचारात सांगत असत. न्यायालयात तिच्यावर आरोप आला तो चार नावांचा आणि सुमारे आठ हजार डॉलरचा. तरुणपणी आयोवातल्या रेडिओवर तारेने आलेल्या त्रोटक मजकुरावरून, न पाहिलेला बेसबॉलचा सामना जणू डोळ्यांसमोर चालू आहे असे ते वर्णन करीत असत. न पाहिलेले पाहिल्यासारखे सांगण्याची कला ज्याच्या गळ्यात आहे, त्याचे बोलणे ऐकताना श्रोत्याने अधिक सावध असायला हवे.

आता आपल्याकडच्या आवाजाविषयी. वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै १९५७ पासून सलग तीनदा राजापूर मतदारसंघातून लोकसभेत गेले. मूलभूत हक्क कमी करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा गोलकनाथ निकाल आल्यानंतर राज्यघटना दुरुस्त करण्याचा संसदेचा अधिकार पुन्हा स्पष्ट व्हावा म्हणून १९६७ मध्ये त्यांनी खासगी विधेयक मांडले आणि ते देशभर चर्चिले गेले. हा माणूस स्वतः विचार करीत नव्हता काय? त्याला रेडिओवर रोजचा वेळ मिळाला नाही, कारण आपला रेडिओ सरकारचा होता. निवडणुकीच्या काळात राजकीय पक्षांना आकाशवाणीवरून बोलण्याची सोय झाली ती १९७७ मध्ये, नाथ पै यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी. आवाज होता, ध्वनिक्षेपक मिळाला नाही. या दोन गोष्टींतला फरक ‘दर्यावर्दी’ यांनी पुसून टाकला, हा माझा आक्षेप आहे.

दर्यावर्दी (मालवण)

आपण माझ्या एका वाक्याला धरून संपूर्ण टिपण निकालात काढले आहे. मी रेगन यांचा अनुयायी नाही आणि त्यांची आर्थिक धोरणे मला कधीच पटली नाहीत. माझे सांगणे त्यांच्या बोलण्याच्या रचनेविषयी होते. ती भाष्ये हजारांहून अधिक आहेत आणि त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश त्यांनी प्रवासात, विमानात, पिवळ्या कागदांवर स्वतःच्या हाताने लिहिलेली आहेत. एका भाष्यात एकच विषय, त्याला एक उदाहरण, एक आकडा आणि शेवटी श्रोत्याचे आभार. सत्तेबाहेर असलेल्या माणसाने दर दिवशी एक मुद्दा पुरता मांडायचा, ही शिस्त आहे. त्याच काळात दूरचित्रवाणीवर भाष्य करण्याची संधी चालून आली असताना त्यांनी ती नाकारून रेडिओ निवडला, हेही आपण लक्षात घ्यावे.

मी आयुष्यभर व्यापारी जहाजांवर नोकरी केली आणि पनामा कालव्यातून अनेकदा गेलो. हा कालवा पनामाला परत देण्याच्या करारांना, जे सप्टेंबर १९७७ मध्ये झाले, रेगन यांनी या भाष्यांतून कडाडून विरोध केला. मला त्यांचे म्हणणे तेव्हाही चुकीचे वाटत होते आणि आजही वाटते. ३१ डिसेंबर १९९९ रोजी कालवा पनामाच्या ताब्यात गेला, त्यानंतरही मी तेथून गेलो, आणि जहाजे पूर्वीसारखीच जात होती. परंतु आमच्या जहाजावरचा एक अमेरिकन अभियंता कालव्याचा विषय निघाला की इतका दुखावल्यासारखा का बोलत असे, हे मला त्या वेळी कधी कळले नाही. ते आता, ही भाष्ये ऐकताना कळले. जे पटत नाही ते नीट समजून घेण्यासाठी ऐकायचे नाही, तर मग ऐकायचे तरी कशासाठी?

शिकागोच्या स्त्रीबद्दल आपण अर्धेच सांगितले. आकडे फुगवलेले होते हे खरे, पण ती १९७७ मध्ये दोषी ठरली हेही खरे आहे.

मास्तर (राजापूर)

आठ हजारांची फसवणूक सिद्ध झाली म्हणून दीड लाखांची गोष्ट खरी ठरत नाही. तीन दशके इतिहास शिकवताना मी हेच समजावत आलो आहे, म्हणून येथे मला गप्प राहवत नाही.

मात्र रातांबा यांचा क्रमाविषयीचा युक्तिवाद अपुरा आहे. उमेदवारी जाहीर होताच भाष्ये थांबली यामागे केवळ हिशेब नव्हता. अमेरिकेच्या १९३४ च्या दळणवळण कायद्यानुसार रेडिओ केंद्राने एका उमेदवाराला वेळ दिला, तर त्याच पदाच्या दुसऱ्या उमेदवारालाही तितकीच संधी द्यावी लागते. म्हणजे खासगी रेडिओ असूनही उमेदवाराच्या तोंडाला कायद्याने मर्यादा होती. रेगन यांची भाष्ये सुरू झाली त्या वर्षी आपल्याकडे काय चालले होते ते आठवावे. २६ जून १९७५ च्या सकाळी आणीबाणीची घोषणा देशाने आकाशवाणीवरूनच ऐकली, आणि पुढचे दीड वर्षाहून अधिक काळ तेथे दुसरी बाजू ऐकू आली नाही. माझे वडील त्या काळात संध्याकाळच्या बातम्या संपल्या की दार लावून बीबीसी लावत. शेजारी सरकारी नोकर होते, म्हणून आवाज अगदी बारीक ठेवावा लागे. आजही खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. म्हणून रेगन खरे बोलले की खोटे, हा प्रश्न माझ्या मते दुसऱ्या क्रमांकाचा आहे. सत्तेबाहेरच्या माणसाला रेडिओ मिळतो की नाही, हा पहिला.

आणि एक सूचना. रेगन यांच्या हस्तलिखित भाष्यांचा मोठा भाग छापून प्रसिद्ध झालेला आहे. तो आधी वाचावा आणि मग ऐकावे. आवाज इतका स्निग्ध आहे की युक्तिवादातली भोके ऐकताना बुजून जातात.

ध्वनिदुरुस्ती (कुडाळ)

नाथ पै यांना ध्वनिक्षेपक मिळाला नाही असे रातांबा म्हणतात. सभेत ध्वनिक्षेपक होताच. उरली नाहीत ती मुद्रणे, आणि त्याला केवळ सरकार जबाबदार नाही.

मी कुडाळमध्ये जुनी ध्वनियंत्रे दुरुस्त करतो. सत्तरीच्या दशकापासून आखातात गेलेल्या मंडळींनी गावोगाव टेपरेकॉर्डर आणले आणि त्यांवर सभा, कीर्तने, लग्ने, दशावतार असे सगळे टिपले गेले. त्या कॅसेटी आज कोठे आहेत? चुलीच्या वरच्या माळ्यावर, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. पावसाळ्यात आपल्याकडे हवेतील आर्द्रता नव्वद टक्क्यांवर जाते आणि पिशवीत कोंडलेला दमट वारा बाहेर पडत नाही. फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरते. मग कोणीतरी ती तशीच यंत्रात घालून वाजवून पाहतो, बुरशी हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, आणि तेथून पुढच्या कॅसेटीवर जाते, आणि एका कॅसेटीपायी दहा खराब होतात. रेगन यांची मुद्रणे उरली कारण ती स्टुडिओत झाली, त्यांच्या प्रती केंद्रांना पाठवल्या गेल्या, आणि नंतर संग्रहालयाने सांभाळल्या. आपल्याकडे प्रत काढण्याची सवयच नाही. ज्यांच्या घरी काही असेल त्यांनी यंत्रात घालण्यापूर्वी कृपया विचारावे.

सागरिका (रत्नागिरी)

विचारले होते, आणि त्याचे फळ भोगते आहे. १९८९ च्या निवडणुकीत राजापूरचे खासदार मधु दंडवते यांची आमच्या गावात झालेली सभा माझ्या वडिलांनी कॅसेटवर घेतली होती. भाषणात कोकण रेल्वेचा विषय होता, आणि दंडवते बोलायचे थांबले की लोकांतून येणारे प्रश्नही त्यात होते. एका संस्थेने ‘जतन करतो’ म्हणून ती नेली. पावती दिली नाही. पुढे विचारायला गेले तेव्हा नेणारे गृहस्थ निवृत्त झाले होते, आणि अशी कॅसेट आल्याची नोंदच नाही, असे मला सांगण्यात आले. वडील आता नाहीत. घरात एक प्रत होती, तिच्यावर काकांनी डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, भरली.

तेव्हा संग्रहालये, जतन, प्रती हे शब्द मला ऐकवू नका. परक्या देशातल्या पुढाऱ्याचा आवाज माझ्या फोनवर क्षणात लागतो आणि माझ्या वडिलांनी उभे राहून घेतलेली सभा मला ऐकता येत नाही.

रातांबा (गुहागर)

डबलबारी भरली! नेमके हेच आपले दुखणे आहे. ज्या मतदारसंघाने आधी नाथ पै आणि नंतर १९७१ पासून पाच वेळा दंडवते यांना निवडून दिले, त्या मतदारसंघात दंडवते यांचे भाषण पुसून भजनाची बारी भरली जाते, आणि तरीही दर्यावर्दी विचारतात की आवाज कोठे आहे. संस्थेने हरवले ते एकदा, घरातल्यांनी घालवले ते दुसऱ्यांदा.

सागरिका (रत्नागिरी)

माझ्या काकांविषयी बोलताना भान ठेवा. ज्या बुवांची बारी त्यांनी भरली ते पुढच्याच वर्षी गेले, आणि त्यांच्या आवाजाची दुसरी कोणतीही फीत त्यांच्या स्वतःच्या घरीसुद्धा नाही. त्यांचा मुलगा दर गणपतीत येऊन ती ऐकून जातो. खासदाराचे भाषण मोलाचे आणि पखवाजावर रात्र जागवणाऱ्या बुवांचा आवाज कमी मोलाचा, हे आपण कोणत्या अधिकाराने ठरवले? कोऱ्या कॅसेटी तेव्हा सहज मिळत नव्हत्या. जे आवडले ते काकांनी ठेवले. दंडवते यांची भाषणे संसदेच्या छापील कामकाजात तरी वाचायला मिळतील, बुवांचे काहीच मिळणार नाही.

मास्तर (राजापूर)

ताईंचा मुद्दा मला मान्य करावा लागतो, जरी दंडवते यांची सभा पुसली गेली हे ऐकून मन खट्टू झाले. छापील कामकाजात प्रश्न विचारणारा गावकरी नसतो, आणि ती सभा त्या गावकऱ्यासाठीच हवी होती. परंतु रातांबा, आपण घरातल्या माणसांना दोष देत आहात तो अन्यायाचा आहे. अमेरिकेत ते काम संस्थांनी केले. येथे ते एका काकांच्या अंगावर पडले.

दर्यावर्दी (मालवण)

चर्चा माझ्या टिपणावरून निघाली आणि मला बाजूला ठेवून पुढे गेली. ‘आपल्याकडे तसा आवाज कधी नव्हता’ या वाक्याऐवजी ‘तसा आवाज आज ऐकायला मिळत नाही’ असे कोणाला वाचायचे असेल तर खुशाल वाचावे, माझी हरकत नाही. याहून अधिक मागे मी येणार नाही. नाथ पै यांच्याविषयीचा आदर मला कोणी शिकवण्याची गरज नाही, माझ्या आजोबांनी त्यांच्या सभांसाठी पायी मैलोन्मैल चालून पाय झिजवले. पण आजोबांचा आदर ही माझ्यासाठी ऐकीव गोष्ट आहे, आणि रेगन यांचा युक्तिवाद मी आज रात्री थांबवून, मागे नेऊन, पुन्हा ऐकून तपासू शकतो. रातांबा यांनी दाखवलेले फुगवलेले आकडेही म्हणूनच पकडता येतात. ज्याचे मुद्रण उरले त्याची चूक उरते. ज्याचे उरले नाही त्याची फक्त कीर्ती उरते, आणि कीर्तीशी वाद घालता येत नाही.

रातांबा (गुहागर)

कीर्ती हा शब्द आपण हिणवण्यासाठी वापरला असेल तर मी तो परत करतो. लोकसभेतली नाथ पै यांची भाषणे छापील आहेत, वाद घालायचा असेल तर ती काढून वाद घालावा. घटनादुरुस्तीच्या त्या विधेयकावर त्यांच्याशी मतभेद असणारे त्यांच्या हयातीतही पुष्कळ होते. मात्र मुद्रण असले की चूक पकडता येते, एवढा मुद्दा मी मान्य करतो, आणि तो नाइलाजाने मान्य करतो.

ध्वनिदुरुस्ती (कुडाळ)

ज्यांच्याकडे फीत आहे त्यांच्यासाठी लिहितो. बुरशी दिसली तर कॅसेट वाजवू नका आणि पुढे-मागे फिरवूही नका. कोरड्या जागी, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि इतर कॅसेटींपासून वेगळी करा. फितीला हेडवर दाबून धरणाऱ्या पट्टीचा स्पंज गळाला असेल तर फीत नव्या कवचात घालता येते, स्क्रूचे कवच असेल तर काम सोपे होते. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून आणि त्याचा कोन त्या फितीप्रमाणे जुळवून मगच मुद्रण घ्यावे, नाहीतर आवाज कोंडल्यासारखा येतो. मूळ प्रत ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइलमध्ये ठेवावी. तासाभराच्या कॅसेटीला साधारण दोन जीबी जागा लागते, ती आज महाग नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला लहान प्रत वेगळी काढा.

मूळ प्रतीतली खरखर काढू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण आधी हेच मागतो. खरखरीबरोबर गर्दीतला माणूस जातो, मागच्या रांगेतून आलेला प्रश्न जातो.

सागरिकाताई, डबलबारीच्या त्या कॅसेटीची प्रत आधी काढून घ्या. पुसलेले भाषण परत मिळत नाही, त्याची आशा मी तुम्हाला दाखवणार नाही. पण कॅसेटीची दुसरी बाजू तपासली आहे का? बारी भरताना पुष्कळदा एकाच बाजूवर भरली जाते.

सागरिका (रत्नागिरी)

दुसरी बाजू कोणी वाजवलेली नाही. कॅसेट मी स्वतः घेऊन कुडाळला येईन आणि काम होईपर्यंत समोर बसेन, चालत असेल तर सांगा. पावतीवर माझा आता विश्वास नाही.

ध्वनिदुरुस्ती (कुडाळ)

चालेल. बुधवार सोडून कोणत्याही दिवशी या. तोपर्यंत ती वाजवू नका.