मदत हवी आहे : महिला एकेरीचा ड्रॉ कसा काढतात? (अर्जंट)

दारव्हेकर : उद्या सकाळी आमच्या स्पर्धेचा ड्रॉ, म्हणजे कोण कोणाशी खेळणार तो तक्ता, फळ्यावर लावायचा आहे. मागच्या खेपेला चिठ्ठ्या टाकल्या तर सगळ्यात तगड्या दोघी पहिल्याच सामन्यात समोरासमोर. पोरींनी मोबाइलवर विंबल्डनची फायनल पाहिली, आता तसाच ड्रॉ पाहिजे म्हणतात. कसा करतात? लवकर सांगा.

नागपूरकर : नावं किती? टेनिसच आहे का? कोर्ट किती?

पराटीवाला : ड्रॉचं कायले एवढं? सानिया 2005 ले यूएस ओपनच्या चौथ्या फेरीत गेली होती. एकेरीत आपली दुसरी कोणतीच पोरगी तिथवर गेली नाही. पोरींले हे सांगजा.

दारव्हेकर : भाऊ, ते त्यांना पाठ आहे. बॅडमिंटन आहे. 22 नावं, शाळेच्या शेडात एक कोर्ट, दिवस एकच. तान्ह्या पोळ्याच्या आधीचा रविवार.

वर्ध्याचे_पंच : हे आधी लिहायचं ना! विंबल्डनच्या महिला एकेरीत 128 जणी, त्यातल्या 32 मानांकित, म्हणजे तगड्या म्हणून आधीच क्रमांक दिलेल्या. पहिलं मानांकन यादीत सगळ्यात वर, दुसरं सगळ्यात खाली. म्हणजे दोघींची गाठ पडली तर फायनललाच. तिसरी आणि चौथी चिठ्ठीनं, एक वरच्या अर्ध्यात, एक खालच्या. तुमच्या 22 साठी 32 जागांचा तक्ता आखा. 10 जणींना बाय, म्हणजे पहिली फेरी न खेळता थेट पुढे; मानांकितांना आधी. उरलेल्या 12 जणींचे 6 सामने, मग 16 जणी राहतात. एकूण 21 सामने. वीस-वीस मिनिटं धरली तरी सात तास.

मास्तर_पुसद : बादफेरी कशाला? लांबून एसटीनं आलेली पोरगी एक सामना हरून घरी जाईल. गट पाडा.

वर्ध्याचे_पंच : सर, चौघींचे चार गट आणि तिघींचे दोन, यातच 30 सामने होतात. बाद फेऱ्या वेगळ्या. एका कोर्टावर दिवे लावून खेळवणार का?

मास्तर_पुसद : मग बाद झालेल्यांची वेगळी फेरी तरी ठेवा. आणि मानांकन मला पटत नाही, नवीन पोरीवर अन्याय होतो.

नागपूरकर : अन्याय कसा? 2023 ला वोंड्रुशोवा बिगरमानांकित होती, तिनंच विंबल्डन जिंकलं. रादुकानू तर 2021 ला पात्रता फेरीतून आली आणि 10 सामने जिंकून यूएस ओपन घेऊन गेली.

दारव्हेकर : एक अडचण आहे. मागच्या वर्षीची विजेती बारावीमुळे खेळत नव्हती, आता परत आली. तिला मानांकन द्यायचं की नाही?

वर्ध्याचे_पंच : द्या. बाळंतपणानंतर परतलेली सेरेना 2018 च्या विंबल्डनआधी क्रमवारीत 183 वी होती. विंबल्डननं तिला 25 वं मानांकन दिलं आणि ती फायनलला पोचली. समितीनं ठरवायचं असतं. फक्त ड्रॉच्या आधी सगळ्यांसमोर जाहीर करा.

पराटीवाला : शेडात लाइन गेली तं जनरेटर हाय का?

दारव्हेकर : जनरेटर बचत गटाच्या ताई देतात. पंच साहेब, 32 चा तक्ता आखतो आहे. बाय कोणत्या ओळीवर टाकायची?

वर्ध्याचे_पंच : मानांकित पोरीच्या लगतच्या ओळीवर. पहिलीची दुसऱ्या ओळीवर, दुसरीची 31 व्या. फोटो टाका, तपासून देतो.