लेड-फ्री सोल्डर वापरूनही पोराला खोकला, काय करू?

चाळीसगाव_मोबाईल: दुकानात लेड-फ्रीचं, म्हणजे शिसं नसलेल्या सोल्डरच्या (बोर्डावरचे जोड डागायच्या तारेच्या) रिळाचं पाकीट आणलं, देणारा म्हणे एकदम सेफ. पण टेबलवर बसणाऱ्या पोराला संध्याकाळपर्यंत खोकला, छाती भरल्यासारखी, डोळ्यांची आग, अन् सुट्टीच्या दिवशी बरा असतो. उन्हामुळे शटर अर्धं खालीच असतं आमचं. लेड नाही तर मग त्रास कशाचा?

भुसावळ_रिपेअर: भो, जो धूर दिसतो तो शिशाचा नसतोच, फ्लक्सचा असतो, म्हणजे जोड नीट बसावा म्हणून सोल्डरच्या तारेत भरलेल्या द्रव्याचा. त्यात राळ असते अन् तिच्या धुराने दमा लागतो, एकदा अ‍ॅलर्जी बसली की मग थोड्या धुरानेही त्रास होतो. जुनं ६३-३७ वालं (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) सोल्डर १८३ डिग्रीला वितळायचं, लेड-फ्री २१७ च्या आसपास, म्हणून आपण सोल्डरिंग आयर्न जास्त तापवतो आणि फ्लक्स अजून जळतो. सुट्टीत बरं वाटतं हे लक्षण साधं नाही, छातीच्या डॉक्टरला दाखवा आणि सोल्डरिंगचं काम करतो हे आवर्जून सांगा.

धुळे_इन्व्हर्टर: साधा मास्क लावून काही होत नाही. धूर ओढणारा पंखा जॉइंटच्या अगदी जवळ लावा, पाईप बाहेर काढा, आणि पोराला बोर्डावर वाकून बसू देऊ नका.

चाळीसगाव_मोबाईल: उद्याच नेतो दवाखान्यात.

भुसावळ_रिपेअर: अजून एक, रिपेअरला येणाऱ्या जुन्या बोर्डांवर बऱ्याचदा शिसं असतं, ते हातावाटे पोटात जातं. भाकरी खायच्या, तंबाखू मळायच्या आधी साबणाने हात धुवायला लावा.