सरे 1894: नवा कर्णधार, 11 गुण कसे?

प्रश्न (रामबाग, इंदूर): शिबिरातल्या पोरांसाठी सरे या इंग्लिश क्रिकेट संघाचा 1894 चा कौंटी स्पर्धेतला तक्ता फळ्यावर मांडायचाय. किंग्समिल की यांचं कर्णधारपदाचं पहिलंच वर्ष. 16 सामने, 13 विजय, 2 पराभव, 1 टाय (दोन्ही संघांच्या धावा सारख्या). मग गुण 11 कसे?

उत्तर १: विजयांतून पराभव वजा करा, झालं. टायला शून्य, ती लँकेशायरविरुद्ध ओव्हलवर, म्हणजे सरेच्या घरच्या मैदानावर झाली.

उत्तर २: षटकं मोजताना सांभाळा हं! तेव्हा षटक 5 चेंडूंचं. 30.2 म्हणजे 30 षटकं 2 चेंडू, एकूण 152 चेंडू. सवयीनं सहानं गुणलंत तर 182 होतात आणि सगळा हिशेब बिघडतो.

उत्तर ३: फॉलोऑनही (पहिल्या डावात खूप मागे पडलेल्या संघानं लगेच पुन्हा फलंदाजी करणं) सक्तीचा, 1900 पर्यंत. गोलंदाज दमलेले असले तरी लगेच पुन्हा टाकायचं. अशात सरेच्या टॉम रिचर्डसनचे मोसमात 196 बळी, तेही वेगवान गोलंदाजी करून! हे फळ्यावर ठळक लिहाच.